लॅब्रॅडॉर गच्चीवर कसा जाणार?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की रात्री जेवणं उरकून माणसं गाद्या-उशा आणि पाण्याचा माठ घेऊन गच्ची गाठतात. खानदेशातली ही जुनी रीत. पूर्वी मातीच्या धाब्यावर शिडी लावून चढत, आता सिमेंटच्या जिन्याने जातात. घरात मोठा कुत्रा असेल तर पंचाईत इथूनच सुरू होते. तीस-पस्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर पहिल्या पायरीशी उभा राहून भुंकतो, कुईकुई करतो, पण पाऊल वर टाकत नाही. पिल्लू होता तोवर कोणीतरी उचलून न्यायचं. आता उचलायला दोघं लागतात आणि त्यालाही ते खपत नाही.

घरचे म्हणतात, हट्टी आहे. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, आणि दोष जिन्याचा असतो.

कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे सरकतो. हे पाय माणसाच्या हातांसारखे गळपट्टीच्या हाडाने धडाला जोडलेले नसतात, नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. त्यामुळे चढण्यापेक्षा उतरणं अवघड. गच्चीवर कसाबसा पोचलेला कुत्रा सकाळी वरच अडकून बसतो तो याच कारणाने. त्यात त्याला निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट ओळखता येतात, आणि बारकावे माणसापेक्षा धूसर दिसतात. काळ्याभोर ग्रॅनाइटच्या चकचकीत जिन्यात एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे त्याला रात्रीच्या मंद उजेडात कळणार कसं? वर गुळगुळीत दगडावर नख्या रुततही नाहीत.

राष्ट्रीय बांधकाम संहिता घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगते. धुळ्याच्या जुन्या पेठांतले किंवा चिंचोळ्या प्लॉटवरच्या रो-हाउसमधले गच्चीचे जिने पुष्कळदा याहून उभे असतात. लॅब्रॅडॉर खांद्यापाशी साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि जवळपास तेवढाच लांब. म्हणजे त्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात एका वेळी दोन पायऱ्यांचं अंतर पडतं. चार पायांचा हा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नसतो.

म्हणून आधी जिना दुरुस्त करावा. पायऱ्यांवर रबरी मॅट किंवा खरखरीत चिकटपट्टी घट्ट बसवायची, कडेला पिवळी पट्टी मारायची, बल्ब चांगल्या उजेडाचा लावायचा. सैल चटई मात्र गुळगुळीत दगडापेक्षा घातक. लोखंडी जिन्याच्या फटींतून खालचं अंगण दिसत असेल तर मागून प्लायवूडचे तुकडे बांधावेत. गोल लोखंडी जिना असेल, तर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत तो नाद सोडलेला बरा.

शिकवणी सर्वांत खालच्या पायरीवरून सुरू होते. एक पायरी चढवायची, वळवायचं, उतरवायचं, खाऊ द्यायचा. ते सहज जमलं की दोन. खाऊ उंच धरला तर कुत्रा उडी मारतो, म्हणून तो नाकाजवळ, थेट पायरीवर ठेवावा. जळगावात केळ्याची चकती यासाठी आयतीच मिळते. शेवभाजीत भिजवलेला भाकरीचा तुकडा मात्र नको, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी. उतरताना माणसाने एक पायरी खाली, त्याच्या बाजूला राहावं. गळ्याचा पट्टा ओढू नये. छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. आजी ‘आठे ये’ म्हणते, नातू ‘कम’ म्हणतो, तर घराने कुठलाही एकच शब्द ठरवावा. पुण्यात शिवाजीनगरला राज्य पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. पोलिसांच्या श्वानांनाही अडथळे असेच ठेंगणे आधी, उंच नंतर, या क्रमाने शिकवले जातात.

वेळही सांभाळावी लागते. दुपारच्या उन्हात सिमेंट आणि लोखंड इतकं तापतं की पंजाच्या गाद्या भाजतात. हाताची मागची बाजू पायरीवर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही तिथे नेऊ नये. पहाट उत्तम. खोल छातीच्या मोठ्या जातींत भरल्या पोटी धावपळ झाली तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. माणसं जेवून लगेच गच्चीवर जातात. कुत्र्याचं जेवण त्याआधी दोनेक तास उरकावं.

‘मग लहानपणीच सवय लावू’ हा विचार सुचतो, पण तो महागात पडू शकतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या ५०१ कुत्र्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या आत रोज जिना वापरलेल्या पिल्लांमध्ये खुब्याचा सांधा बिघडण्याचं, म्हणजे हिप डिस्प्लेशियाचं प्रमाण जास्त आढळलं. मऊ जमिनीवर मोकळं बागडलेल्या पिल्लांत ते कमी होतं. एवढ्या लहान पिल्लाला खुशाल उचलून न्यावं. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर जिना बेताने.

वजनाचंही पाहावं लागतं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. प्रत्येक जण आपल्या ताटातला घास टाकतो त्या घरात हे कोण ऐकणार, हा भाग वेगळा.

आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चढणारा सात-आठ वर्षांचा कुत्रा एके दिवशी जिन्यापाशी थबकला, तर खाऊ दाखवून त्याला वर ओढू नये. सांधे दुखू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. पशुवैद्याकडून तपासणी आणि गरज पडल्यास एक्स-रे काढून घ्यावा. त्या उन्हाळ्यापुरता कूलर खालच्या खोलीत लावायचा आणि घरातल्या एकाने त्याच्याजवळ झोपायचं, एवढी सोय बहुतेक घरांत होऊ शकते.