पहिला मुक्काम भाच्याकडे

लांबच्या प्रवासास निघालेल्या मराठी माणसाला वाटेत एखाद्या आप्ताचे घर असेल, तर तेथे उतरल्यावाचून पुढे जाववत नाही. कॅनडास कन्येकडे निघालेले जोडपे दुबईला पुतण्याकडे चार दिवस काढते. अमेरिकेस जाणारे लंडनला मेहुणीकडे आठवडाभर विसावते. या रिवाजामागे केवळ माया आहे असे मानण्याचे कारण नाही. साठ-सत्तरच्या दशकांत खासगी कामासाठी परदेशी निघालेल्या माणसाच्या हाती सरकार अवघे ८ डॉलर पडू देत असे आणि तिकीट काढण्यापूर्वी 'पी फॉर्म' भरून रिझर्व्ह बँकेची संमती मिळवावी लागे. आठ डॉलरांत कोणत्या शहरात किती रात्री काढता येतील, हे सांगण्यास गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. तेव्हा आप्ताचे घर हीच प्रवाशाची हुंडी होती. २००४ पासून मात्र उदार प्रेषण योजना आली आणि आज एका व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. अडचण सरली, रिवाज उरला.

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना या रिवाजाचे नवल वाटू नये. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात या चाळी उभारल्या. वरळीत त्यांची संख्या १२१. प्रत्येक इमारत तळमजल्यासह चार मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या, मधून बोळासारखा पॅसेज आणि संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. या १६० फुटांत गावाहून आलेला प्रत्येक नवखा माणूस पहिल्यांदा उतरे. कोणी गिरणीत बदली कामगार म्हणून लागण्यासाठी, कोणी रुग्णालयात दाखवण्यासाठी, कोणी नुसतीच मुंबई पाहण्यासाठी. पाहुणा आला की घरातला पुरुष वळकटी काखोटीला मारून पॅसेजमध्ये येई. तेथे आधीच दहा-बारा जण पहुडलेले असत. आपल्या येण्याने कोणाची झोप मोडली, हे पाहुण्याला पाणी प्यायला उठल्यावर दिसत असे, आणि ते दिसत असल्यामुळे चौथ्या दिवशी तो आपण होऊन खानावळीची चौकशी करू लागे. चाळीचे पाहुणेपण टिकले ते यजमानाच्या औदार्याइतकेच पाहुण्याच्या डोळ्यांमुळे, असे मला वाटते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा दहावीनंतर असाच आमच्याकडे आला आणि पाच वर्षे राहिला. परीक्षेचा अभ्यास त्याने जिन्यातल्या दिव्याखाली केला. पुढे तो दुबईला एका वातानुकूलन यंत्रांच्या कंपनीत तंत्रज्ञ म्हणून गेला. २०१८ च्या जुलैत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता टोरँटोला निघालो, तेव्हा त्याने फोनवर दरडावूनच सांगितले, "मामा, माझ्याकडे चार दिवस राहिल्याशिवाय पुढं जायचं नाही." तो आता परत आला आहे आणि त्याची हरकत नाही, म्हणूनच पुढची हकिकत लिहीत आहे.

विमानतळावरून त्याने आम्हांस करामा भागातल्या दोन खोल्यांच्या नीटनेटक्या घरी नेले. सौभाग्यवतींना धन्य झाल्यासारखे वाटले. स्वयंपाकघरात मल्याळी दिनदर्शिका टांगलेली होती आणि पुट्टू करण्याचे नळकांड्यासारखे भांडे होते. शेजाऱ्यांनी दिले असेल, असे मी मनाशी म्हटले. माणूस आपल्या सोयीचे स्पष्टीकरण किती लवकर शोधतो! तिसऱ्या दिवशी खाली पहारेकऱ्याने मला विचारले, "किल्ली परत कधी देणार? साहेब केरळातून महिनाअखेर येतात."

तेव्हा उलगडा झाला. घर सुटीवर गेलेल्या सहकाऱ्याचे होते. भाचा आम्हांस जेवू घालून, रात्री 'मला उद्या लवकर ड्यूटी आहे' असे सांगून देरा भागातल्या आपल्या जागी झोपायला जात होता. मी हट्ट धरला, तेव्हा त्याने ती जागा दाखवली. एका खोलीत दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, पडद्याआड एका माणसाचा सारा संसार. तेथे याला 'बेड स्पेस' म्हणतात आणि तिचे मासिक भाडे असते. कोठे कोठे प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या तीन केलेल्या असतात. १५ एप्रिल २०२३ रोजी देरातल्या अल रास येथील इमारतीला आग लागून १६ माणसे दगावली, हे वृत्त वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्याची खाटच आली. सुदैवाने तो त्याआधीच परतला होता.

आमच्यापायी त्याने शुक्रवारच्या जादा कामावर पाणी सोडले होते, टॅक्सीचे पैसे मोजले होते, मित्राचे उपकार घेतले होते. आणि आम्ही? आम्ही त्याच्याकडून केशर आणि खजूर घेतला, शिवाय गावी बहीण 'पोरगा पैसे कमी पाठवतो' म्हणून कुरकुर करते, तो निरोपही पोचता केला होता. तो निरोप मला आजही सलतो.

आप्ताकडे जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु निघण्यापूर्वी 'तुझी खोली केवढी, तू झोपणार कोठे?' हे दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. एक-दोन रात्री हॉटेलात काढून जेवायला मात्र त्याच्याबरोबर बसावे. 'हॉटेलात उतरलो तर त्याला अपमान वाटेल' ही सबब ऐकायला गोड असली, तरी तिच्यात आपला खर्च वाचवण्याची सोयही लपलेली असते. वरळीतही आता पॅसेज उरणार नाहीत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासातल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शतकाने मिळालेल्या या न्यायाबद्दल आनंदच आहे. फक्त तेथे दार बंद झाल्यावर कोण कोठे झोपले, हे पाहुण्याला दिसणार नाही.

निघण्याच्या रात्री बहिणीचा फोन आला. "कसं आहे रे घर त्याचं? केवढं आहे?" भाचा आमची बॅग ताणकाट्याला लावून वजन पाहत होता. त्याने मान वर केली नाही.

"दोन खोल्यांचं आहे," मी म्हणालो.