नोटीस, छापा आणि ऐंशी-जी : संस्थांच्या करसवलतीभोवतीचे गैरसमज

भडगावसारख्या तालुक्याच्या गावातही सार्वजनिक न्यास पुष्कळ असतात. शिक्षण मंडळ, वाचनालय, गोशाळा, समाजमंदिर. आणि एखादी अशी संस्था, जी गिरणेतल्या वाळूउपशावर नाहीतर कालव्याच्या आवर्तनावर तहसीलदारांकडे निवेदन घेऊन जाते. गोशाळेला आयकर खात्याचं पत्र आलं तर कट्ट्यावर निष्कर्ष निघतो, ‘हिशेबात घोळ असणार.’ निवेदनवाल्या संस्थेला आलं तर, ‘वरून आलं.’ दोन्ही निष्कर्ष कागद न बघताच निघतात. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांवरही फार वेगळं काही घडत नाही, फक्त आवाज मोठा असतो.

‘संस्थेवर छापा पडला’

७ सप्टेंबर २०२२ रोजी आयकर अधिकारी दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च आणि ऑक्सफॅम इंडियाच्या, तसंच बंगळुरूच्या इंडिपेंडंट अँड पब्लिक स्पिरिटेड मीडिया फाउंडेशनच्या कार्यालयात गेले. बातम्यांत ‘छापे’ आले, पण कायद्याच्या भाषेत ते ‘सर्वेक्षण’ होतं. छाप्यात कुलूप तोडता येतं, घराची झडती घेता येते, रोकड-दागिने जप्त करता येतात. सर्वेक्षणात वह्या तपासता येतात, रोकड मोजता येते, जबाब घेता येतो, कागदपत्रं ठेवून घेता येतात. रोकड उचलता येत नाही. २०१७ पर्यंत हा अधिकार धंदा-व्यवसायाच्या जागेपुरता होता. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने धर्मादाय काम चालणाऱ्या जागाही त्यात आणल्या. त्याच ७ सप्टेंबरला नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या राजकीय पक्षांवरही अनेक राज्यांत कारवाई झाली आणि दोन्ही बातम्यांची खिचडी झाली. अर्थात, सर्वेक्षण सौम्य असतं असा याचा अर्थ घेऊ नये. चार माणसांच्या कार्यालयात दिवसभर अधिकारी बसले की पुढचे देणगीदार परस्पर गळतात.

‘मोर्चा काढला की ऐंशी-जी जाते’

ऐंशी-जी म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारं आयकराचं कलम. हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज आहे, आणि त्याचा इतिहास मजेदार आहे. सरकारवर टीका केली, निवेदन दिलं किंवा कोर्टात गेलं म्हणून करसवलत जाईल असं कलम आयकर कायद्यात नाही. कायदा विचारतो तो प्रश्न एवढाच : संस्थेचा मुख्य हेतू धर्मादाय आहे का? गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण आणि वारशाचं जतन ही नावं घेतलेली क्षेत्रं. शिवाय ‘सर्वसाधारण लोकोपयोगाचं कोणतंही अन्य उद्दिष्ट’. या शेवटच्या वर्गात शुल्क घेऊन केलेल्या व्यापारी स्वरूपाच्या कामाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. हक्कांसाठी भांडणाऱ्या बहुतेक संस्था याच शेवटच्या वर्गात येतात आणि वादही तिथेच होतो.

राजकीय हेतू मात्र धर्मादाय नाही, असं न्यायालयं इंग्रजांच्या काळापासून म्हणत आली आहेत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांच्या नावाच्या एका राष्ट्रीय न्यास निधीला मुंबई उच्च न्यायालयाने याच कारणावरून सवलत नाकारली. दुसरं प्रकरण अखिल भारत चरखा संघाचं. १९२५ मध्ये काँग्रेसच्या महासमितीने पाटण्याला हा संघ स्थापन केला. आयकर खात्याचं म्हणणं होतं, काँग्रेसचं अपत्य म्हणजे राजकारणच. मुंबईत संघ हरला, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४४ मध्ये निकाल फिरवला : जन्म कुणाच्या घरात झाला ते महत्त्वाचं नाही, काम सूतकताईतून गरिबांना मजुरी देण्याचं आहे, तेव्हा ते धर्मादाय. ‘चले जाव’नंतर काँग्रेस बेकायदा असतानाच्या काळात लंडनहून हा निकाल आला, हे विशेष. १९३६ चं फैजपूर अधिवेशन अंगाखांद्यावर खादी घेऊन पाहिलेल्या खानदेशाला चरखा आणि काँग्रेस वेगळे काढणं जमलं असतं का, कोण जाणे. न्यायाधीशांना जमलं.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न परदेशी देणग्यांच्या कायद्यातून पुन्हा आला. २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो करणाऱ्या संस्थेला ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवण्याची सोय होती. ‘इन्साफ’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी या सोयीला मर्यादा घातली : सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी नातं असलेल्या संस्थांनाच हे लागू, लोकांच्या प्रश्नांवर रास्ता रोको केला एवढ्यावरून देणगी रोखता येणार नाही. निकाल परदेशी निधीपुरता आहे, आयकराचा नव्हे, तरी रेघ कुठे ओढायची ते त्यातून दिसतं.

एक विसंगती इथे नोंदवलीच पाहिजे. जुन्या करपद्धतीत राजकीय पक्षाला धनादेशाने दिलेल्या देणगीची शंभर टक्के वजावट मिळते. आदिवासींच्या वनहक्कांसाठी लढणाऱ्या ऐंशी-जीधारक न्यासाला दिलेल्या देणगीची साधारणपणे निम्मी, तीही मर्यादेत. राजकारण धर्मादाय नाही म्हणणाऱ्या कायद्याचं राजकारणावरच जास्त प्रेम!

‘हे सगळं २०१४ नंतरचं’

परदेशी देणगी नियमन कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने गांधी शांती प्रतिष्ठान, गांधी स्मारक निधी, सर्व सेवा संघ वगैरे संस्थांच्या चौकशीसाठी न्या. कुदाल आयोग नेमला. जयप्रकाशांच्या आंदोलनाशी या मंडळींचं असलेलं नातं सगळ्यांना ठाऊक होतं. २०१२ मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाला होणाऱ्या विरोधामागे परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, असं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीरपणे सुचवलं होतं. हत्यारं जुनीच आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत ती जास्त धारदार झाली आणि जास्त वेळा उपसली गेली, असं माझं मत. पण म्यान कुणी आधी उघडलं याचं उत्तर एका पक्षाच्या नावात मावत नाही.

‘सरकारने लायसन्स रद्द केलं’

कुठलं? न्यासाची नोंदणी, घटना, विश्वस्तांचे फेरफार हे राज्याच्या धर्मादाय आयुक्तांकडे. करसवलत केंद्रीय अर्थ मंत्रालयाखालच्या आयकर खात्याकडे. भडगावच्या न्यासासाठी ते दार पुण्यातल्या आयकर आयुक्तांचं, सवलतींचं काम बघणाऱ्या. परदेशी देणगीची परवानगी गृह मंत्रालयाकडे. एक गेलं म्हणून दुसरं आपोआप जात नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भूमिपुत्राने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत शाळेला पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तोच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की ठरते, आणि मग दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं.

‘करसवलत गेली म्हणजे संस्था बंद’

संस्था चालू राहू शकते. फक्त उत्पन्नावर कर लागतो. पण २०१६ पासून एक जास्त कडू तरतूद आहे. नोंदणी गेली की संस्थेच्या मालमत्तेचा बाजारभाव काढायचा, देणी वजा करायची आणि उरलेल्यावर कमाल दराने, म्हणजे ३० टक्के अधिक अधिभार-उपकर, कर भरायचा. पूर्वी चार-दोन हजारांत घेतलेला वाचनालयाचा प्लॉट आज मुख्य रस्त्यावर आला असेल, तर हा कर वाचनालयाच्या अनेक वर्षांच्या वर्गणीहून मोठा होतो. आणि ही पाळी येण्यासाठी सरकारविरुद्ध एक घोषणाही द्यावी लागत नाही. २०२१ पासून साऱ्या जुन्या न्यासांना पुन्हा नोंदणी करायला लावली, कायमची नोंदणी पाच वर्षांची केली, मुदती पुनःपुन्हा वाढवल्या. शेवटची जून २०२४ अखेर. २०२३ मध्ये कायदा आणखी आवळला : वेळेत अर्ज न करणंही हा कर लागायला पुरेसं. सीएने फॉर्म भरला की नाही हे न विचारणारे अध्यक्ष आणि इंग्रजी ईमेल न उघडणारे सचिव, या दोघांच्या मध्ये बऱ्याच संस्था अडकतात. दिलासा एवढाच, की १ ऑक्टोबर २०२४ पासून उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना मिळाला, आणि पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या न्यासांची नोंदणी २०२५ च्या बदलाने दहा वर्षांची झाली. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. तिथे कलमांचे आकडे बदलतात. गावात लोक नोंदणीला ‘बारा-ए’ आणि देणगीच्या सवलतीला ‘ऐंशी-जी’च म्हणत राहणार.

‘चूक सापडली, म्हणजे सूड नव्हता’

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. संस्थेची चूक होती का, हा पहिला. चूक शोधायला याच दारात का आलात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसरा उरतोच. उलट, निवड पक्षपाती होती म्हणून खोटी बिलं खरी होत नाहीत.

अमेरिकेत हा दुसरा प्रश्न तडीस गेला. १० मे २०१३ रोजी तिथल्या आयकर खात्याच्या अधिकारी लॉइस लर्नर यांनी मान्य केलं, की नावात ‘टी पार्टी’, ‘पॅट्रियट्स’ असे शब्द असलेल्या संस्थांचे अर्ज बाजूला काढून जास्त खोलात तपासले गेले. चारच दिवसांत कर प्रशासनाच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. प्रभारी आयुक्तांना जावं लागलं. बहुतेकांच्या स्मरणात कथा इथेच संपते : ओबामांच्या खात्याने उजव्यांना छळलं. पण २०१५ मध्ये न्याय खात्याने फौजदारी खटला भरण्यास नकार दिला, आणि २०१७ च्या दुसऱ्या अहवालात ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ अशा डाव्या नावांवरूनही चाळणी लावल्याचं निघालं. त्याच वर्षी सरकारने उजव्या संस्थांच्या दाव्यांत तडजोड करून माफी मागितली. डावे-उजवे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. निवडीचा निकष कागदावर सापडला, आणि तो शोधणारी यंत्रणा खात्याबाहेरची होती.

आपल्याकडे सक्तीच्या छाननीचे ढोबळ निकष केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ दरवर्षी काढतं. सर्वेक्षणाला कुठे जायचं याचे निकष मात्र बाहेर येत नाहीत. आयकर लोकपाल होते, ते फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची करसवलत जून २०२३ मध्ये रद्द झाली. छत्तीसगडमधल्या हसदेवच्या कोळसा खाणविरोधी आंदोलनाचा मुद्दाही खात्याने काढल्याचं वृत्तपत्रांत आलं. संस्थेने आरोप नाकारले. अशा वेळी वाचकाने विचारायचा प्रश्न साधा आहे : हीच त्रुटी असलेल्या, पण सरकारला न बोचणाऱ्या दुसऱ्या न्यासाचं काय झालं? याचं उत्तर मिळण्याची सोय नाही, म्हणून एका बाजूला संशय आणि दुसऱ्या बाजूला खुशाल नकार, दोन्ही फुकट चालतात.

‘आयुक्तांचा आदेश म्हणजे शेवट’

टाटांच्या सहा न्यासांची नोंदणी मुंबईच्या आयुक्तांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केली; ती कोणत्या वर्षापासून गेली म्हणायची, या मुद्द्यावर न्यासांना मार्च २०२१ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणात दाद मिळाली. टाटांकडे वकिलांची फौज आहे, हे खरं. पण त्या दारात जायला टाटा असावं लागत नाही. भडगावच्या न्यासाने पुण्यातल्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायचं, मुदत साधारण दोन महिन्यांची; त्यानंतर कायद्याचा ठोस प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. नोंदणी नाकारल्याच्या किंवा रद्द केल्याच्या आदेशाविरुद्ध न्यायाधिकरणातल्या अपिलाची सरकारी फी पाचशे रुपये आहे.