शिंपल्यातील जिवाणू : मित्र कोण, शत्रू कोण?

हरभरा, तूर यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. समुद्रातील शिंपल्यांचेही जिवाणूंशी नाते असते. ते समजून घेतल्यास शिंपले वाढविणाऱ्याचा माल व पुण्यासारख्या दूरच्या बाजारात ते विकत घेणाऱ्याचे आरोग्य, दोन्ही सांभाळता येतात.

मित्र जिवाणू : होड्यांचे लाकूड पोखरणारा टेरेडो हा किडा नसून लांबट शरीराचा शिंपलाच आहे. त्याच्या कल्ल्यांतील जिवाणू लाकूड पचविणारी विकरे तयार करतात व नत्रही स्थिर करतात. बदल्यात त्यांना निवारा मिळतो.

सांडपाण्यातील जिवाणू : तिसऱ्या, कालवे, शिणाणे कल्ल्यांतून पाणी गाळून अन्न मिळवितात. मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. खाडीत सांडपाणी येत असेल तर त्यातील ई. कोलायसारखे जिवाणू शिंपल्यात साठतात. नुसते वरून धुतल्याने ते जात नाहीत. जिवंत शिंपले निर्जंतुक केलेल्या वाहत्या खाऱ्या पाण्यात सुमारे दोन दिवस ठेवल्यास ते बरेचसे बाहेर पडतात. गोड्या पाण्यात मात्र शिंपले मिटतात व शुद्धीकरण थांबते.

व्हिब्रिओ : हे जिवाणू उबदार समुद्रात मुळातच असतात. त्यांपैकी व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस १९५० साली जपानमध्ये ओसाका येथील विषबाधेनंतर सापडला. वरील शुद्धीकरणाने व्हिब्रिओ पुरेसे जात नाहीत, आणि उष्णतेत झपाट्याने वाढतात. म्हणून घाट चढून येणाऱ्या मालाला थंडावा हवाच.

घ्यावयाची काळजी :

१) सांडपाणी मिसळणाऱ्या जागी शिंपले वाढवू किंवा गोळा करू नयेत.

२) काढणीनंतर माल लगेच सावलीत घ्यावा. वाहतुकीत बर्फ वापरावा, परंतु वितळलेल्या पाण्यात शिंपले बुडू देऊ नयेत.

३) खरेदी करताना, टिचकी मारूनही न मिटणारा उघडा शिंपला घेऊ नये.

४) शिंपले कच्चे खाऊ नयेत. तोंड उघडल्यानंतरही काही मिनिटे शिजवावेत. न उघडलेले टाकून द्यावेत.

कालवे किंवा शिणाणे पालन करू इच्छिणाऱ्यांनी जागा निवडण्यापूर्वी शिरगाव, रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालयाचा सल्ला घ्यावा.