आधी दार बंदिस्त करा

परळी वैजनाथहून अंबाजोगाईकडे निघालेल्या गाडीत आवाज वाढवला, की दार खडखडतं आणि ढोलकीचा ठेका मात्र विरून जातो. दोष बहुधा स्पीकरचा नसतो, दाराचा असतो.

स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो, तेव्हाच मागची ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. तिथून मागच्या लहरी पुढे येतात आणि खर्जाचे सूर एकमेकांना मारतात. म्हणून भोकांवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून वरून ब्युटाइल शीट घट्ट दाबावी. बाहेरच्या पत्र्याचा आतून जेमतेम चौथा हिस्सा शीटने झाकला, तरी थरथर पुष्कळ कमी होते. स्वस्त डांबरी शीट परळीच्या 40 अंशांपुढच्या उन्हात मऊ पडून सुटू शकते. तिथे काटकसर नको.

स्पीकरभोवती फोमची कडी हवीच.

जोडणीही तपासावी. वायर सोडवून 1.5 व्होल्टच्या सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर टेकवलं, की पडदा बाहेर यायला हवा. एका दारात जोडणी उलटी असेल, तर बास हरवतो.

दाराच्या तळाची पाणी निथळायची छिद्रं मात्र उघडीच ठेवावीत. ती बुजली, की पावसाळ्यात दार आतून गंजतं.