आमचं आम्हाला करू द्या!

कापडाला शिक्षा झालेली कधी ऐकली आहे? फ्रान्समध्ये व्हायची! चौदाव्या लुई राजाचा कोल्बेर नावाचा मंत्री होता. भारी कामसू, आणि शिस्तीचा तर त्याहून भारी. फ्रेंच कापड जगात एक नंबर ठरावं म्हणून ते किती रुंद हवं, त्यात धागे किती हवेत, रंग कोणता वापरायचा, सगळं सरकारच ठरवायचं. 1670 च्या एका हुकमाने तर कमालच केली. कापड खराब निघालं की ते नऊ फूट उंच खांबावर टांगायचं आणि ज्याचा दोष त्याचं नावही तिथे लावायचं. तिसऱ्यांदा तीच चूक झाली, तर कापडाबरोबर तो माणूसही दोन तास खांबाला!

याच कोल्बेरने म्हणे एकदा व्यापाऱ्यांना विचारलं, “सरकारने तुमच्यासाठी काय करावं?” ल जाँद्र नावाचा व्यापारी उत्तरला, “आमचं आम्हाला करू द्या.” फ्रेंचमध्ये ‘लेसे फेर’ म्हणजे ‘करू द्या’. ही गोष्ट पुढे कुणी मीठमसाला लावून रंगवलीही असेल, पण ते शब्द टिकले. सरकारने व्यापारात लुडबूड करू नये, या विचाराचं तेच नाव झालं.

पंधराव्या लुईच्या दरबारातला डॉक्टर केने याच मताचा. शेतात पिकलेली संपत्ती शेतकरी, जमीनदार आणि कारागीर यांच्यात कशी फिरते, याचा त्याने 1758 मध्ये चक्क तक्ता काढला. राजवाड्यात राहणाऱ्या डॉक्टरला शेतीचं वेड, आहे की नाही गंमत?

पण या विचाराची खरी परीक्षा झाली ती पावावर. फ्रान्समधली गरीब माणसं मुख्यतः पावावरच जगायची. म्हणून गहू कुठे विकायचा, कुठे न्यायचा, यावर सरकारचा पहारा असे. 1774 मध्ये तुर्गो अर्थमंत्री झाला आणि त्याने हा पहारा उठवला. त्याचा हिशेब सरळ होता. जिथे गहू महाग, तिथे नफा जास्त. म्हणजे व्यापारी आपणहून गाड्या भरून तिथेच येणार आणि भाव उतरणार. हुकूम सोडायची गरजच काय?

हिशेब काही वेडगळ नव्हता. पण नेमकं त्याच वर्षी पीक कमी आलं. व्यापारी गाड्या घेऊन येईपर्यंत पोट थांबतं थोडंच? 1775 च्या वसंतात पावाचे भाव कडाडले आणि पॅरिसच्या आसपास दंगे उसळले. इतिहासात त्याला ‘पिठाचं युद्ध’ म्हणतात. मला यातली सगळ्यात नवलाची वाटते ती एक गोष्ट. कित्येक ठिकाणी लोकांनी गहू फुकट लुटला नाही. त्यांना वाजवी वाटला तो भाव मोजून नेला! पुढच्या वर्षी तुर्गोचं मंत्रिपद गेलं.

त्याच 1776 मध्ये स्कॉटलंडच्या अॅडम स्मिथचं मोठं पुस्तक निघालं. मोकळ्या व्यापाराची बाजू मांडणारा हा माणूस पॅरिसला जाऊन केने आणि तुर्गो यांना भेटून आला होता. पण ‘लेसे फेर’ हे शब्द त्याच्या पुस्तकात नाहीत.

मग इंग्लंडमध्ये गिरण्या आल्या, आणि गिरणीत तुमच्याएवढी मुलं. “आमच्या कामात पडू नका,” असं कित्येक मालक सरकारला सांगत. पण 1833 च्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायची बंदी झाली. मुंबईच्या गिरण्यांतही मुलं राबत होती. आपल्याकडे 1881 मध्ये कायदा आला, पण त्यात कामाला ठेवायची बंदी फक्त सात वर्षांखालच्या मुलांपुरतीच होती. तो व्हावा म्हणून जोर कुणी लावला होता माहीत आहे? इंग्लंडच्या मँचेस्टरकडच्या गिरणीवाल्यांनीही! मोकळ्या व्यापाराचा डंका पिटणारे हेच लोक. पण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जाऊ लागलं होतं. आठवड्याची सुट्टी मात्र त्या कायद्याने सगळ्या कामगारांना दिली नाही. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं, आणि 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.