माहिष्मतीचे दोन राजे आणि नवेगावचा बांध

कालकेयांशी लढाई संपते आणि राजमाता शिवगामी निकाल देते. शत्रूचा म्होरक्या भल्लालदेवाच्या हातून मेलेला असतो, तरी राज्य अमरेंद्र बाहुबलीच्या नावे जाहीर होतं. कालकेयांनी माहिष्मतीचीच माणसं ढाल करून पुढे उभी केली, तेव्हा भल्लालदेव त्यांना कापत गेला; बाहुबलीने आधी त्यांना सोडवलं. २०१५च्या ‘बाहुबली’ चित्रपटातला हा प्रसंग म्हणजे चोख अप्रेझल आहे. टार्गेट भल्लालदेवाने गाठलं होतं. शिवगामीने पाहिलं ते एवढंच, की त्याची किंमत कुणी मोजली.

भल्लालदेवाची कंपनी आपल्यातल्या अनेकांनी आतून पाहिलेली असते. प्रत्येक कागद एकाच टेबलावर जातो, वाईट बातमी वर पोचत नाही, आणि कामगारांच्या घामातून उभा राहतो तो साहेबांचा पुतळा. त्याच्यावर अधिक लिहायची गरज नाही. मला विचारात पाडतो तो बाहुबली. त्याच्यावर प्रजेचा जीव आहे, राजवाड्यातून बाहेर काढल्यावरही तो लोकांत मिसळून कामाला लागतो. पण तो मारला जातो आणि माहिष्मती पंचवीस वर्षं हातावर हात ठेवून बसते. सुटका होते ती त्याचा मुलगा आल्यावर. इतक्या थोर नेत्याच्या मागे दुसरी फळी कशी नाही? प्रेमळ संस्थापकानंतर कोसळणाऱ्या संस्थांची गोष्ट हीच आहे.

अधिकार वाटायचे म्हटलं तरी ते सोपं नाही. शेक्सपिअरचा किंग लिअर राज्य मुलींना देतो, पण राजा हे नाव आणि शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःकडे ठेवतो. काम सोडलं, मान सोडला नाही. तिथेच घात झाला. (१९७०च्या ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेबांनी निदान सगळं देऊन टाकलं होतं.) खऱ्या उद्योगांत जे. आर. डी. टाटांनी १९३८ ते १९९१ एवढ्या काळात टाटा समूह वेगळ्या रीतीने चालवला. टेल्कोत सुमंत मुळगावकर, टिस्कोत रुसी मोदी, टाटा केमिकल्समध्ये दरबारी सेठ अशी तोलामोलाची माणसं नेमली आणि त्यांना मोकळं सोडलं. कंपन्या वाढल्या, पण त्याबरोबर सुभेही तयार झाले. १९९१मध्ये रतन टाटा आले तेव्हा त्यांना आधी निवृत्तीच्या वयाचा नियम लावावा लागला, आणि १९९३मध्ये मोदी बाहेर पडले. मोकळीक दिली तरी तिच्याभोवती नियमांची पाळ लागतेच.

आणि पाळ म्हटल्यावर मला गोंदिया जिल्हा आठवतो. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून अडवलेलं हे पाणी सुमारे अकरा चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला. त्यांचं ठाणं तलावाकाठच्या डोंगरावर आहे.

पूर्व विदर्भात हजारो तलाव झाले ते राजाने फावडं उचललं म्हणून नव्हे. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा गोंड राजांचा शब्द होता, असं सांगतात. राजाने फक्त अट घातली. जागा हेरणं, पाळ घालणं, माणसं जमवणं हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं काम. बक्षीस पाण्याशीच बांधलेलं असल्याने पाळ फुटली की बक्षीसही गेलं. याहून नेमकी भागीदारी कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात, मला ठाऊक नाही. परतीचा पाऊस दगा द्यायचा आणि भारी धान पोटरीवर असायचं, तेव्हा तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल हे पाणकर पाहायचा; त्यासाठी राजाला विचारावं लागत नसे.

ही व्यवस्था गोड नव्हती. सारा गोळा करणारे मालगुजार जमीनदार झाले, कुळांकडून वेठ घेतली गेली. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झालं. पण त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. पाळ कोणाची, गाळ कोणाचा, हे ठरेना. तलाव उथळ झाले, काठांवर बेशरमची झुडपं माजली. दुसऱ्याने विकत घेतलेल्या कंपनीत जुन्या मशीनला कुणी तेल घालत नाही, तसंच हे.

अलीकडे याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात मासेमार ढिवर समाजाच्या बायका तलावात उतरल्या. त्यांनी बेशरम उपटली, माशांना अंडी घालायला आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि संस्थेच्या बैठकीत आजवर पुरुषच बोलत आले. आता तलावाचा निर्णय घेताना या बायकांना खुर्ची मिळते का, हे मी प्रत्येक गावात विचारतो.