कुडाचं घर कसं जपावं?

भोपाळच्या श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाला लागून, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या सुमारे 200 एकर आवारात देशभरातल्या आदिवासींची घरं उभी आहेत. 1977 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही संस्था 1979 मध्ये इथे आली. ही घरं कंत्राटदाराने नकाशा पाहून बांधलेली नाहीत. त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन आपल्या रीतीने ती उभारली. शेतकऱ्याचं घर जपण्याची हीच वाट मला सर्वांत खरी वाटते, आणि त्याचं कारण घराच्या सामानातच आहे. यांतलं महाराष्ट्राचं वारली घर घ्या. मेढी, आढं, वासे, वर गवत आणि भिंतींच्या जागी शेणमातीने लिंपलेले कारवीचे कूड. कूड पुन्हा पुन्हा लिंपावा लागतो, छप्पर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं. अशा घरात ‘मूळ’ म्हणून काय जपणार? जपायचं ते कारवी कधी तोडावी, गवताचा थर किती द्यावा, हे ठाऊक असलेल्या हातांचं ज्ञान.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी. केंटमधल्या बाऊ बीच जलाशयामुळे हलवावं लागलेलं ‘बे-लीफ’ हे पंधराव्या शतकातलं शेतघर सांधा-सांधा सोडवून ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभारलं गेलं. त्याचा सांगाडा ओकचा, शतकानुशतकं टिकणारा. तिथे लाकूडच दस्तऐवज ठरतं. पण वारली घराप्रमाणेच त्या घराच्या मधल्या दालनालाही धुराडं नव्हतं. जमिनीवरच्या विस्तवाचा धूर छपरातूनच वाट काढी.

शेत, गुरं, चूल यांच्यावाचून उभं केलेलं घर म्हणजे नुसतं टरफल, हा आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. चुलीचा धूर गवत कोरडं ठेवतो, कीड दूर ठेवतो. चूल विझली की छपराचं आयुष्यही घटतं. पण यावरून निघतं ते इतकंच, की बांधणाऱ्यांना पुन्हा पुन्हा बोलवावं लागेल, आणि त्या निमित्ताने कसब पुढच्या हातांत जाईल. दुसरा आक्षेप असा, की पालघरमधल्या वारल्यांनाच आता पक्कं घर हवं आहे. हवंच, गळक्या छपराखाली राहण्याचा आग्रह त्यांना कुणी करू नये. मात्र ज्याला हे काम येतं त्याला त्याची रीतसर मजुरी आणि मान मिळायला हवा. घरासमोरच्या फलकावर जमातीच्या नावाखाली बांधणाऱ्यांची नावं आणि शेवटच्या शाकारणीचं साल हवं.